उच्च शिक्षणातील महिला आणि व्यवस्थापनाचे प्रशिक्षण

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोणाकडे असते, प्रमुख पाहुण्यांचे औक्षण कोण करते, प्रवेशद्वारावरील रांगोळीची जबाबदारी कोणावर सोपविली जाते, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. त्याच महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या खरेदीची दरपत्रके कोण उघडते, विभागाच्या कार्यभाराचा तक्ता कोण तयार करते, सहसंचालक कार्यालयात पदमान्यतेची फाइल घेऊन कोण जाते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे उच्च शिक्षणातील स्त्रियांच्या स्थितीचे जे चित्र उभे राहते, ते पगाराच्या आकड्यांतून वा पदव्यांच्या यादीतून दिसत नाही. पात्रता समान, वेतनश्रेणी समान, तासिकाही समान. कामाची वाटणी मात्र घरातल्यासारखीच. हे अंतर कमी करण्यासाठी योजलेले प्रशिक्षण म्हणजेच उच्च शिक्षणातील महिलांसाठीचे क्षमता-विकास किंवा सक्षमीकरणाचे कार्यक्रम होत.

'सक्षमीकरण' हा शब्द आपल्याकडे इतका वापरला गेला आहे की, त्याची धार बोथट झाली आहे. बचत गटाच्या मेळाव्यापासून शिलाई यंत्रांच्या वाटपापर्यंत सर्वत्र तो भेटतो. उच्च शिक्षणाच्या संदर्भात त्याचा अर्थ बराच नेमका आहे. येथे स्त्री आधीच शिकलेली आहे, मिळवती आहे, अनेकदा आचार्य पदवीधारक आहे. तिला अक्षरओळख नको आहे. संस्था कशी चालते, निर्णय कोठे होतात आणि त्या निर्णयांवर प्रभाव टाकण्यासाठी कोणते ज्ञान लागते, याची ओळख तिला हवी आहे. हे ज्ञान पुरुष सहकाऱ्यांना पुष्कळदा अनौपचारिक मार्गाने मिळते. संध्याकाळी कार्यालयात रेंगाळताना, संस्थाचालकांबरोबर प्रवास करताना, संघटनेच्या बैठकीत किंवा चहाच्या टपरीवर ते हाती येते. शेवटचा तास संपताच घराकडे धावणारी प्राध्यापिका या शाळेत कधी बसलेलीच नसते.

यवतमाळचा संदर्भ

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. तालुके सोळा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांवर. एका टोकाला वणी आणि झरी जामणी, दुसऱ्या टोकाला पुसद आणि उमरखेड. दोन्ही टोके जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्यातील पारंपरिक अभ्यासक्रमांची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय ही यांतील परिचित नावे. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाने यवतमाळात स्वतंत्र महिला महाविद्यालय आहे. सावित्री-ज्योतिरावांच्या नावाचे समाजकार्य महाविद्यालयही आहे. अभियांत्रिकी शिक्षणाची सोय पुसद व यवतमाळ येथे झाली, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे.

या महाविद्यालयांच्या वर्गात बसणाऱ्या मुली कोणाच्या आहेत, हे जाणल्याशिवाय त्यांना शिकविणाऱ्या प्राध्यापिकेचे काम समजत नाही. कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या घरांतील, बंजारा तांड्यांवरील, कोलाम पोडांवरील, गोंड व आंध वस्त्यांवरील या मुली आहेत. कर्जापायी बाप गमावलेल्याही त्यांत आहेत. यांपैकी कित्येकींच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच. लग्न ठरले म्हणून द्वितीय वर्षाला परीक्षा सोडणारी मुलगी प्रथम ज्या व्यक्तीपाशी मन मोकळे करते, ती बहुधा प्राध्यापिका असते. पण त्या मुलीला परीक्षेचा अर्ज उशिरा भरण्याची मुभा, वसतिगृहात जागा किंवा शुल्कात सवलत द्यायची तर निर्णय दुसऱ्याच दालनात व्हावा लागतो. ऐकणारी एक आणि ठरविणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. प्रशिक्षणाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

मागचा प्रवास

महाराष्ट्रात स्त्री-शिक्षणाचा इतिहास १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने काढलेल्या मुलींच्या शाळेपासून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. या परंपरेचे स्मरण प्रत्येक व्यासपीठावर होते. परंतु शिकणारी स्त्री, शिकविणारी स्त्री आणि शिक्षणसंस्था चालविणारी स्त्री या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तिसरीकडे लक्ष जायला फार उशीर झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याला पहिल्या महिला कुलगुरू लाभल्या त्या १९९५ मध्ये, डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या रूपाने. अमरावती विद्यापीठाचे कुलगुरुपद डॉ. कमल सिंह यांनी भूषविले. ही नावे अभिमानाची आहेत. मात्र बोटांवर मोजता येतात म्हणूनच ती लक्षात राहतात.

देशपातळीवर १९७४ हे वर्ष महत्त्वाचे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा अहवाल त्या वर्षी आला आणि घटनेने दिलेली समानता प्रत्यक्षात किती दूर आहे हे त्याने उघड केले. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण हे स्त्रियांच्या समानतेचे साधन व्हावे, अशी भूमिका घेतली आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठांतून स्त्री-अभ्यास केंद्रे उभी राहू लागली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. या केंद्रांनी विचारांची पायाभरणी केली; पण कारभाराचे शिक्षण देणे हे त्यांचे मुख्य काम नव्हते.

प्राध्यापकांसाठीच्या उद्बोधन व उजळणी वर्गांची व्यवस्थाही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांच्या रूपाने झाली. नागपूर विद्यापीठातील कॉलेजात विदर्भातील अनेक पिढ्यांनी हे वर्ग केले. पदोन्नतीसाठी ते आवश्यक असल्याने हजेरी चांगली असे. विषयज्ञान अद्ययावत करणे हा त्यांचा हेतू होता. विभागप्रमुख झालेल्या स्त्रीला शिपायापासून संस्थाध्यक्षापर्यंत सर्वांशी कसे वागावे लागते, हा काही त्यांचा विषय नव्हता.

आयोगाची योजना

ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 'उच्च शिक्षणातील महिला व्यवस्थापकांची क्षमतावृद्धी' ही योजना राबविली. दहाव्या आणि विशेषतः २००७ ते २०१२ या अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तिचा विस्तार झाला आणि महानगरांबाहेरील महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचली. राष्ट्रकुल देशांत अशा प्रशिक्षणाचे प्रयोग आधी झाले होते; आयोगाने आपल्याकडील परिस्थितीला अनुरूप प्रशिक्षण-पुस्तिका तयार करून घेतल्या. उच्च शिक्षणाचे प्रशासन, शैक्षणिक नेतृत्व, व्यक्तिगत व व्यावसायिक भूमिका, संशोधन आणि स्त्री-अभ्यासाचा दृष्टिकोन असे त्यांचे विषय होते.

योजनेचा पाया होता 'सॅम' या नावाने ओळखली जाणारी कार्यशाळा. संवेदनशीलता, जाणीव आणि प्रेरणा या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. साधारणपणे पाच दिवस चालणाऱ्या या कार्यशाळेत निवडक प्राध्यापिका एकत्र येत. त्यातून पुढे येणाऱ्या काहींना प्रशिक्षक म्हणून तयार करणारी दुसरी कार्यशाळा असे आणि त्यानंतर व्यवस्थापन-कौशल्यांचे वर्ग. म्हणजे आज शिकणारी उद्या शिकविणारी व्हावी, अशी साखळी योजनेत अभिप्रेत होती. व्यवस्थापनातील स्त्रियांचा सहभाग वाढविणे, संस्थांची धोरणे व कार्यपद्धती स्त्रियांच्या दृष्टीने तपासणे आणि प्रशासनाची क्षमता असलेल्या स्त्रियांना पुढे आणणे ही तिची उद्दिष्टे. 'महिला व्यवस्थापक' हा शब्दप्रयोगही लक्षणीय आहे. प्राध्यापिकेला शिक्षिका म्हणूनच पाहण्याची सवय असलेल्या व्यवस्थेत, तू व्यवस्थापकही आहेस, असे त्याने प्रथमच सांगितले.

कार्यशाळेची रीत व्याख्यानांपेक्षा चर्चेची असावी, असा या पुस्तिकांचा आग्रह होता. सहभागी स्त्रियांनी आपल्या संस्थेतील प्रसंग मांडावेत, ती बाब व्यक्तिगत की संस्थात्मक हे सर्वांनी मिळून तपासावे, भूमिका बदलून संवाद करून पाहावा. याचा एक परिणाम असा होतो की, पुसदची प्राध्यापिका जी अडचण आपल्या स्वभावाचा दोष समजत होती, तीच अडचण वणीच्या आणि दर्यापूरच्या प्राध्यापिकेलाही आहे, असे तिच्या ध्यानात येते. सभेत आपले बोलणे मध्येच तोडले जाते. आपण मांडलेली सूचना दहा मिनिटांनी दुसऱ्याने मांडली की मान्य होते. 'मॅडम, तुम्हाला कशाला त्रास' असे आपुलकीने म्हणत महत्त्वाच्या समितीतून नाव वगळले जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात दुखावणारे कोणी नसते. काळजीच्या पोटी अधिकार काढून घेतला जातो आणि घेणाऱ्यालाही त्याचे भान नसते.

कागदांचे ज्ञान

आत्मविश्वास वाढविणारी भाषणे पाच दिवस ऐकून झाली तरी सोमवारी महाविद्यालयात परतल्यावर समोर येतात ते कागद. त्यामुळे कार्यशाळेचा निम्मा वेळ तरी कागदांना द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सेवापुस्तिकेतील नोंदी कशा तपासाव्यात; बिंदुनामावली म्हणजे काय आणि ती कोणाकडून प्रमाणित होते; कार्यभारावरून पदांची संख्या कशी ठरते; सभेची विषयपत्रिका किती दिवस आधी मिळायला हवी आणि इतिवृत्तात आपला विरोध कसा नोंदवावा; अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र कसे भरतात; अमरावतीच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात कोणती फाइल कोणत्या टप्प्यावर अडते. हे सारे नीरस वाटते खरे. पण महाविद्यालयात ज्याला हे येते त्याचे ऐकले जाते, मग तो वरिष्ठ लिपिक का असेना.

प्राचार्यपदाचेच उदाहरण घ्यावे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्यासाठी आचार्य पदवी, अध्यापन, संशोधन वा प्रशासनाचा एकूण पंधरा वर्षांचा अनुभव, किमान दहा संशोधन-प्रकाशने आणि ११० संशोधन गुणांक लागतात. नियुक्ती पाच वर्षांसाठी असून आणखी एक कालावधी मिळू शकतो. पंचेचाळिशीच्या सुमारास जाहिरात वाचून अर्ज करायचे ठरविणाऱ्या प्राध्यापिकेला हे गुणांक अकस्मात जमवता येत नाहीत. त्यांची तयारी पस्तिशीत सुरू व्हावी लागते, आणि पस्तिशी म्हणजे नेमका मुले लहान असण्याचा, सासू-सासऱ्यांच्या आजारपणांचा काळ. वेळीच कोणी ही आकडेमोड समजावून सांगितली तर संशोधनाची गती कशी राखायची याचा विचार होऊ शकतो. आचार्य पदवीसाठी नोंदणी केलेल्या स्त्रियांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा, अशी तरतूद आयोगाने २०१६ मध्ये केली आणि ती २०२२ च्या नियमावलीतही राहिली. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे नोंदणी रद्द होऊ देणे हे मोठेच नुकसान आहे.

दुसरा विषय लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचा. १९९७ च्या विशाखा निकालानंतर मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१३ मध्ये कायदा झाला आणि उच्च शिक्षणसंस्थांसाठी आयोगाची स्वतंत्र नियमावली २०१५ ची आहे. तिच्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला अध्यापक असावी, महाविद्यालयात ती सहयोगी प्राध्यापकाच्या खालच्या दर्जाची नसावी. निम्म्याहून कमी सदस्य महिला असता कामा नयेत. शिक्षकेतर कर्मचारी, निवडून आलेले विद्यार्थी आणि बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेची प्रतिनिधीही हवी. प्राचार्य, विभागप्रमुख यांसारख्या अधिकारपदावरील व्यक्तींना समितीत स्थान नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. नाव फलकावर रंगविले म्हणजे समिती झाली, अशी समजूत असलेल्या ठिकाणी अध्यक्ष झालेल्या प्राध्यापिकेला पहिली खरी तक्रार येते तेव्हा नोटीस कशी काढावी, जबाब कसा नोंदवावा, गोपनीयता कशी राखावी हे माहीत नसते. चौकशीत त्रुटी राहिली तर पुढे ती टिकत नाही आणि तक्रार करणारी मुलगी एकटी पडते. तेवढ्या एका विषयासाठी दोन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण प्रत्येक तालुक्यात व्हायला हवे.

कोण वगळले जाते

आतापर्यंतच्या योजनांचा मोठा दोष असा की, त्यांच्या नजरेसमोर कायम नोकरीतील प्राध्यापिका होती. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आज शिकविणाऱ्या स्त्रियांचा फार मोठा भाग तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित तुकड्यांवर काम करतो. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापक भरती दीर्घकाळ रखडल्याने नेट-सेट उत्तीर्ण, आचार्य पदवी मिळविलेल्या स्त्रियाही तासांवर मोजल्या जातात. तास झाला तर मानधन, सुटी लागली तर नाही. प्रसूती रजेचा प्रश्न उच्चारायचीही सोय नाही. अशा स्त्रीला पाच दिवसांच्या कार्यशाळेला पाठविणे म्हणजे तिचे पाच दिवसांचे मानधन बुडविणे. कर्तव्यरजा तिला लागू नाही, समित्यांवर तिला स्थान नाही, आणि तरीही प्रवेशप्रक्रियेपासून मूल्यांकनाच्या फायलींपर्यंत राबते तीच. व्यवस्थापनाचे प्रत्यक्ष शिक्षण तिच्याइतके क्वचितच कोणाला मिळत असेल. मिळत नाही तो व्यवस्थापनाचा अधिकार. नेतृत्व-प्रशिक्षणाची चर्चा करताना या वर्गाला बाजूला ठेवले तर ती चर्चा उपहासाची वाटू लागते.

शिक्षकेतर महिला कर्मचाऱ्यांचेही तसेच. ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक, कनिष्ठ लिपिक, वसतिगृहाच्या अधीक्षिका या उच्च शिक्षणातच काम करतात. विद्यार्थिनींशी त्यांचा संबंध प्राध्यापिकांपेक्षा अधिक निकटचा असतो. संगणकीकृत प्रवेश, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, हजेरीची नवी यंत्रणा यांचा भार त्यांच्यावर पडला, पण 'व्यावसायिक विकास' या शब्दांत त्यांची गणना क्वचितच होते. शिष्यवृत्तीच्या अर्जातील एक चूक म्हणजे आदिवासी विद्यार्थिनीचे एक वर्ष. ती चूक टाळणारी लिपिक तयार करणे हे शेवटी त्या विद्यार्थिनीचेच सक्षमीकरण आहे.

अंतराचा प्रश्न

प्रशिक्षणाचे ठिकाण हा तपशील वाटतो, पण पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो. वणी किंवा उमरखेडहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही अरुंदमापी गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, उरलेल्या प्रवासाचा भार अजूनही एसटीवर आहे. निवासी कार्यशाळेला जाणारा प्राध्यापक बॅग भरतो आणि निघतो. प्राध्यापिका निघण्यापूर्वी चार दिवसांच्या भाजीची, मुलांच्या डब्याची, सासूबाईंच्या औषधांची तजवीज करते आणि तरीही तिसऱ्या दिवशी घरून फोन येतो. काही आयोजक प्राध्यापिका याच कारणासाठी कार्यशाळा दिवसभराची ठेवून संध्याकाळी घरी परतण्याची सोय करतात. समंजस मार्ग आहे. मात्र निवासी कार्यशाळेत रात्री जेवणानंतर ज्या गप्पा होतात, त्यात अधिवेशनांपेक्षा जास्त शिकायला मिळते, असेही त्याच सांगतात. यावर उपाय म्हणून पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा अशी चार-पाच केंद्रे धरून लहान गट करणे शक्य आहे. सोबत आलेल्या लहान मुलासाठी एक खोली आणि एक सांभाळणारी बाई, एवढ्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात केली तरी उपस्थिती बदलते. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन कार्यक्रमांनी प्रवास वाचविला. पण स्वयंपाकघरातील ओट्यावर फोन उभा करून नेतृत्वावरील व्याख्यान ऐकणारी प्राध्यापिका हे चित्र फारसे समाधानकारक नाही.

उद्घाटनाच्या सोहळ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. महिलांच्या सक्षमीकरणाच्या कार्यशाळेत मंचावर सात पुरुष आणि स्वागताला तबक घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थिनी, पहिला दिवस सत्कारात आणि शेवटचा प्रमाणपत्रांत संपलेला, असे प्रसंग जिल्ह्याजिल्ह्यांतून घडतात. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या निकषांत लिंगभाव समानतेच्या उपक्रमांना गुण असतात, त्यामुळे काही कार्यक्रमांचा जन्म छायाचित्र आणि अहवालासाठीच होतो. त्यात सर्वस्वी वाईट आहे असे नाही. निकषांच्या निमित्ताने का होईना, स्त्रियांसाठीची विश्रांती खोली, स्वच्छतागृह, तक्रार समिती यांची तपासणी होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २०१० च्या दशकाच्या आरंभी महाविद्यालयांतून राबविलेल्या 'जागर जाणिवांचा' या अभियानानेही लिंगभावाचा विषय पटांगणात आणला. परंतु जाणीव जागविणे आणि अधिकार वापरायला शिकविणे यांत फरक आहे. दुसरे काम भाषणांनी होत नाही.

बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि पंचवार्षिक नियोजनाची पद्धतच थांबली. योजनांतर्गत येणारे असे अनेक प्रवाह त्याबरोबर आटले. पुढे प्राध्यापकांच्या नेतृत्व-प्रशिक्षणाचे नवे कार्यक्रम आले, जुन्या स्टाफ कॉलेजांची परंपरा आता मालवीय मिशन या नावाने चालते. तेथे स्त्रियांना मज्जाव नाही. पण केवळ स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला अभ्यासक्रम आणि सर्वांसाठीच्या अभ्यासक्रमात त्यांनाही प्रवेश, या भिन्न गोष्टी आहेत.

आकडे काय सांगतात

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणात ४ कोटी १४ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुलींची संख्या २ कोटींच्या वर होती. मुलींचे स्थूल नोंदणी प्रमाण २७.९, म्हणजे मुलांपेक्षा थोडे अधिकच. अध्यापकांत स्त्रियांचा वाटा ४२.९ टक्के होता. दर शंभर पुरुष अध्यापकांमागे ७५ स्त्रिया. २०१४-१५ मध्ये हाच आकडा ६३ होता. वाढ निश्चितच झाली. मात्र पद जसजसे वर जाते तसतसे हे प्रमाण उतरत जाते आणि प्रोफेसर या वरच्या पदावर ते बरेच खाली येते. एखाद्या नदीला पूर आलेला असावा आणि कालव्याच्या तोंडाशीच झडप बंद असावी, तसे हे झाले आहे.

विद्यार्थिनींचा ओघ यापुढेही वाढणार आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या मर्यादेत बसणारी कुटुंबे बहुसंख्य आहेत. म्हणजे अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी या शाखांत मुली अधिक संख्येने येतील. त्यांच्यासाठी वसतिगृहे, सुरक्षित वाहतूक, प्रयोगशाळेच्या सोयीच्या वेळा, तक्रारनिवारण हे निर्णय घ्यावे लागतील आणि ते घेणाऱ्या समित्यांत स्त्रिया किती व कोणत्या तयारीने बसतात, याला महत्त्व येईल.

या संदर्भात एका कायदेशीर तरतुदीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. महाविद्यालयाच्या सर्वांगीण विकासाचा आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, अशा गोष्टी तिच्यापुढे येतात. या समितीवर पूर्णवेळ अध्यापकांनी आपल्यातून तीन प्रतिनिधी निवडून द्यायचे आणि त्यांपैकी किमान एक महिला असावी, असे कायदाच सांगतो. वर्षातून निदान चार सभा व्हाव्यात, हेही त्यात आहे. म्हणजे राळेगाव असो वा दिग्रस, प्रत्येक महाविद्यालयात एका प्राध्यापिकेची खुर्ची निर्णयाच्या टेबलाशी आधीच मांडून ठेवलेली आहे. ती अनेक ठिकाणी बिनविरोध आणि ज्येष्ठतेने भरली जाते, निवडून आलेल्या प्राध्यापिकेला अंदाजपत्रक आदल्या दिवशी किंवा सभेतच हाती मिळते आणि स्वाक्षरी करून ती बाहेर पडते. जिल्ह्यातील अशा सर्व प्राध्यापिका सदस्यांना वर्षारंभी दोन दिवस एकत्र बसवून अंदाजपत्रक कसे वाचावे, शुल्कनिधी कोठे खर्च होतो, विषयपत्रिकेत आपला विषय कसा घालावा, हे शिकविणे विद्यापीठाला किंवा एखाद्या सक्षम महाविद्यालयाला सहज शक्य आहे. त्यासाठी आयोगाच्या अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. प्रवासखर्च आणि दोन वेळचे जेवण एवढाच त्याचा खर्च, आणि नावांची यादी तर प्रत्येक प्राचार्यांच्या कपाटात तयारच असते.